संभाव्य

धंतोलीत संध्याकाळी सहालाही भिंती हाताला लागतात.
कूलरच्या ओल्या खसमागे मी पडद्यासमोर बसलेय.
मारोतराव नंदनवार, वय चौसष्ट,
अजनी यार्डातून निवृत्त.
नऊ वर्षांपूर्वी बसवलेली धातूची झडप.
सतरा दिवस ताप. रोज दिवेलागणीला येतो,
चहा घेतल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

पहिली इको छातीवरून.
ध्वनी धातूवर आदळतो, मागे सावली पडते,
पंख्याच्या पात्याएवढी काळी,
आणि मला बघायचं ते नेमकं तिच्यात.
मी लिहिलं, "काही आढळले नाही."
"काही नाही" असं लिहिलं नाही.
या दोन वाक्यांच्या फटीत
माझी सगळी नोकरी बसते.

दुसरी इको मागच्या दारानं.
नळी घशातून खाली, अन्ननलिकेत,
हृदयाच्या पाठीला अगदी खेटून.
गुंगीतही त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.
झडपेच्या कडीशी काहीतरी जाडसर.
टाक्याचा धागा असेल. जुना व्रण असेल.
क्षणभर हललंसं वाटलं,
तीच चौकट मी एकवीस वेळा मागे नेली
आणि एकविसाव्यांदाही फक्त वाटलंच.
रक्ताच्या तीन बाटल्यांपैकी एकीत जंतू उगवले,
दोन गप्प.
तक्त्यातले निकष मोजले. उत्तर आलं: संभाव्य.

संभाव्य म्हणजे सहा आठवडे शिरेतून औषध,
किंवा छाती पुन्हा उघडायची,
किंवा यातलं काहीच नको होतं.
शेवंताबाई दाराशी उभ्या. "म्हंजे हाय का नाई?"

मग साखरेचं स्कॅन.
आदल्या दिवसापासून भात नाही, पोळी नाही,
पोहे नाहीत, संत्र्याची एक फोडसुद्धा नाही.
हृदयाला साखरेवरून उतरवायचं, तुपातेलावर आणायचं,
म्हणजे किरणोत्सारी साखर टोचली
की ती दुसरं कोण खातंय ते दिसेल.
"सावजीचं मटन चालते म्हंता? नुसतं? भाकरीबिगर?"
चालतं. वरच्या तर्रीसकट.
"अशी डॉक्टर आजवर नाई भेटली, बाई."

अंधाऱ्या खोलीत
हृदय विझलेलं, चुलीतल्या राखेसारखं,
आणि कडीला चंद्रकोरीएवढं धगधगतं काही.
थांब, मी मला म्हटलं. धातू खोटंही चमकवतो.
दुरुस्ती न केलेल्या प्रतिमा उघडल्या.
तिथंही तेच. तिथंही तसंच.
ऑपरेशन ताजं असतं तर जखमेवर ढकललं असतं,
पण नऊ वर्षं.
मी "संभाव्य" खोडलं.
आनंद झाला, हे कबूल करते. लगेच लाजही वाटली.

सांगायला गेले तेव्हा ते छताकडे बघत होते.
"मी तं होळीच्या आधीच सांगतलं होतं."
कुणाला?
"थो चष्मेवाला पोरगा. म्हटलं, आवाज बदलला.
पस्तीस वर्षं गाडीच्या चाकावर हातोडी मारली, बाई.
बरं चाक वाजते, आन् वाजतच राह्यते.
तडकलेलं थप्प म्हनते.
रात्री उशीवर कान ठेवला का माहं टिकटिक ऐकू ये.
त्या दिवसापासून थप्प."
शेवंताबाई म्हणाल्या, "मलेबी सांगतलं होतं.
मीच म्हटलं, झोपा आता."

मी केसपेपर चाळला. ताप, वजन, घाम, दात कधी काढला,
सगळं होतं. आवाज नव्हता.
त्या पोराला बोल लावायचा
तर तीन महिन्यांपूर्वीची शेवटची सही माझीच.

सर्जन उद्या बघायला येणार आहेत. रात्री उशिरा
पूर्वेतिहासाच्या रकान्यात मी एक ओळ घातली:
रुग्णाच्या मते झडपेचा आवाज होळीपूर्वीपासून बसका.
"रुग्णाच्या मते" हे शब्द काढावेत का,
यावर बराच वेळ बसले.

राउंडला परत गेले तेव्हा ते जागेच होते,
खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर
बोटाच्या पेरानं टकटक करत.
कान देऊन म्हणाले,
"हा चांगला हाय."